सुहासला आणायचंय

उल्काताईची आणि माझी पहिली भेट जिन्यात झाली. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या विद्यापीठात मी नुकताच पीएचडीला आलो होतो. खोली तिसऱ्या मजल्यावर मिळाली होती आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. बाजार करून वर चढताना एका पिशवीचा तळ फाटला आणि कांदे-बटाटे टणाटण उड्या मारत खाली निघाले. "अगं आई गं!" मी ओरडलो. खालून एक बाई येत होत्या. पंचेचाळिशीच्या, सडसडीत, कानांवर लोकरी टोपी, पाठीला सॅक. त्यांनी एक पाय कठड्याला लावला, दुसरा भिंतीला, हातातली छत्री पायरीवर आडवी धरली आणि सगळा माल तिथेच थोपवला. मी धावत खाली गेलो. मला वाटलं त्या वाकून चार कांदे हातात देतील. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"मी अडवलेत," त्या म्हणाल्या, "उचला तुम्ही."

शेवटचा बटाटा मी शर्टाच्या ओच्यात घेईपर्यंत त्या तशाच पाय फाकून उभ्या होत्या. मग छत्री मिटून म्हणाल्या, "मी उल्का दळवी, दुसरा मजला. संध्याकाळी पिठलं-भात आहे, या. आपापलं ताट आपण घासायचं." त्याच संध्याकाळी त्यांनी मला 'तू' म्हणायला सुरुवात केली आणि आठवड्याभरात मीही त्यांना. 'ताई' मात्र कायम राहिलं.

नायमेखनमध्ये चिप बनवणाऱ्यांची बरीच कामं चालतात. त्यातल्या एका कंपनीत ती तपासणी विभागात होती. तयार झालेली चिप तापवायची, गोठवायची, वीज कमी-जास्त करून छळायची आणि तरी नीट चालते का बघायचं, हे तिचं काम. त्या कामाने तिचं बोलणं घडवलं होतं की तिच्या बोलण्यामुळे तिला ते काम मिळालं होतं, देव जाणे. मी एकदा माझ्या प्रबंधाबद्दल सांगताना "तसा बऱ्यापैकी चाललाय" म्हणालो, तर तिने भाकरी थापता थापता मान वर केली. "आमच्याकडे चिप पास होते नाहीतर नापास होते. 'बऱ्यापैकी' असा तिसरा डबा नसतो. प्रकरण लिहून झालं का? हो का नाही?" "नाही," मी म्हणालो. "मग नाही म्हण. त्यात काय लाजायचं?"

ती कुणासाठी काही करायची नाही असा तिचा लौकिक होता आणि तो साफ खोटा होता. इथे नव्याने आलेल्या कितीतरी मराठी मुलांना तिने खमेंतेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नेऊन उभं केलं होतं. पण खिडकीपाशी बोलायचं ज्याचं त्याने. ती मागे खुर्चीवर बसून विणकाम करायची. कुणी अडखळून मागे वळून पाहिलं, तर नुसती हनुवटी वर करायची, म्हणजे बोल पुढे. सुरुवातीला तिचा राग यायचा. हे तिने कुठून आणलंय ते मला सुहास भेटल्यावर कळलं.

सुहास तिचा धाकटा भाऊ. त्याला जन्मापासून डाऊन सिंड्रोम होता. वडील लवकर गेले. अंबरनाथच्या दोन खोल्यांत आई आणि तो राहायचे. उल्काताई शिकून बंगळूरला, तिथून नेदरलँड्सला आली, पण रोज सकाळी कामावर निघण्याआधी फोन उभा करून ठेवून ती अर्धा तास सुहासबरोबर असायची. गप्पा नव्हेत. काम. मी कधी कधी त्या वेळी तिच्याकडे चहाला असायचो, तेव्हा ऐकू यायचं.

"इस्त्री तापली का? हात लावायचा नाही. पाणी शिंपड. काय आवाज आला?"

"चर्रर्र."

"मग? आता काय?"

"कॉलर."

"शाब्बास. कॉलर आधी."

असं तिने त्याला शर्टाला इस्त्री करायला शिकवलं होतं, म्हणजे शिकवता शिकवता तीही शिकली होती. बुटाची नाडी बांधणं, कुलूप लावून ओढून बघणं, दुकानातून दूध आणणं. सुहास चाळिशीला आला होता. चेहरा गोल, जिवणी लहान, बोलणं थोडं जड. पण कपडे कसे कडक! माझ्यापेक्षा त्याचे शर्ट नेहमी नीट असायचे.

एका उन्हाळ्यात आई आणि सुहास तीन महिन्यांच्या व्हिसावर आले. ते दिवस मला आजही लख्ख आठवतात, कारण उल्काताईला मी तेवढं हसताना नंतर पाहिलं नाही. तिने जोडसायकल भाड्याने आणली होती. पुढे ती, मागे सुहास. वाल नदीच्या बांधावरून दोघं जायची. सुहास पायडल मारायचा थांबला की ती ओरडायची, "मागचं इंजिन बंद पडलं का?" गावात एक कॅफे होता. तिथे सुहाससारखीच मुलंमुली काम करत, ऑर्डर घेत, कप आणून ठेवत. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याच्याच चेहरेपट्टीची एक मुलगी हिरवा एप्रन बांधून आमच्या टेबलाशी आली. सुहास तिच्याकडे बघतच राहिला. मग ताईच्या कानात मोठ्याने म्हणाला, "ही माझ्यासारखी आहे. हिला नोकरी आहे."

परत निघण्याच्या आदल्या दिवशी आई मला म्हणाल्या, "अनिकेत, इथे रस्त्यात कुणी त्याच्याकडे वळून बघत नाही रे. तीन महिन्यांत एकदासुद्धा नाही." उल्काताई बॅग भरत होती. तिने मान वर केली नाही. पण त्या दिवसापासून ती एक वाक्य बोलायला लागली: "सुहासला आणायचंय."

आईंनी तेव्हा हसून विषय टाळला. त्या आहेत तोवर घाई नव्हती.

आई गेल्या त्या अचानक गेल्या. स्वयंपाकघरात पडल्या. सुहासने ताईला फोन लावून सांगितलं, "आई उठत नाहीये." उल्काताईने त्याला फोनवरूनच दार उघडायला लावलं, शेजारच्यांना हाक मारायला लावली. ती अंबरनाथला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दिवस-कार्य करून, सुट्टी होती तेवढी राहून ती परतली. सुहासला बदलापूरला मामेभाऊ दीपककडे ठेवलं.

दीपक माणूस चांगला होता. ते मला मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढच्या गोष्टीत कुणाला तो वाईट वाटेल. तो आणि त्याची बायको शुभांगी, दोघंही नोकरीला जायची. घर लहान. ती सुहासला जेवू घालत, सणाला कपडे घेत. पण कामावर जाताना बाहेरून कडी लावत. उल्काताईला ते ठाऊक नव्हतं. एका सकाळी फोनवर ती म्हणाली, "चल, खाली जाऊन दूध घेऊन ये. मी थांबते." सुहास म्हणाला, "दार उघडत नाही." त्याने फोन दारापाशी नेला, हँडल ओढून दाखवलं. "बघ."

मी समोर बसलो होतो, तिच्या हातातला कप मी हळूच काढून घेतला. मग दीपकला फोन झाला. तो म्हणाला, "ताई, मी काय करू सांग. रस्त्यावर ट्रक असतात. त्याला काही झालं तर तूच मला विचारशील." फोन ठेवून ती मला म्हणाली, "दीपक चुकत नाहीये. म्हणूनच सुहासला आणायचंय."

इथे नवरा-बायकोला आणता येतं, लहान मुलांना आणता येतं. पगार पुरेसा आहे, नातं खरं आहे, एवढं दाखवलं की पुष्कळदा काम होतं. मोठ्या भावाला असं आणता येत नाही. तो तुमच्यावर नेहमीच्या बहीण-भावापेक्षा फार जास्त अवलंबून आहे, तुमच्यावाचून त्याचं चालूच शकत नाही, हे पटवून द्यावं लागतं. उल्काताईने पहिला अर्ज स्वतःच लिहिला. वकील कशाला, म्हणाली, माझा भाऊ माझ्याहून जास्त कुणाला माहीत? आणि तिने खरं तेच लिहिलं. तो स्वतः आंघोळ करतो, इस्त्री करतो, दुकानात जातो, घर आवरतो. इथे आला तर कॅफेत काम करेल. कुणावर भार होणार नाही.

नकार आला. कारणं सगळी तिच्याच अर्जातली होती. माणूस बऱ्याच गोष्टी स्वतः करतो. तिथे नातेवाईक आहेत. बहिणीवाचून अडतं असं दिसत नाही.

तिने तो नकार मला वाचून दाखवला, अगदी सपाट आवाजात, तपासणीचा निकाल वाचावा तसा. शेवटी म्हणाली, "वीस वर्षं शिकवलं त्याला. शिकवलं नसतं तर आला असता."

मग वकील केली. योहाना नाव तिचं. उंच, भराभर बोलणारी, मनापासून काम करणारी बाई. तिने नकारावर हरकतीचा अर्ज केला आणि उल्काताईला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "तो काय करू शकतो हे यापुढे बोलायचं नाही. काय करू शकत नाही ते बोलायचं. मला त्याचा वाईट दिवस दाखवा. व्हिडिओ असेल तर उत्तम."

उल्काताईने दीपकला विचारलं. त्याने महिनाभराने एक व्हिडिओ पाठवला. तो आला तेव्हा मी तिथेच होतो. आम्ही दोघांनी तो पाहिला. दीपकच्या घरातली मोरी, सुहास भिंतीला टेकून उभा, त्याची पँट ओली झालेली. तो रडत होता. शर्ट ओढून ओढून पुढून झाकायला बघत होता. आणि सारखं म्हणत होता, "दीपकदादा, फोन बंद कर ना. फोन बंद कर."

व्हिडिओ संपला. उल्काताईने दीपकला फोन करून विचारलं, "असं कधीपासून होतंय?" "आत्या गेल्यापासून," तो म्हणाला, "कोंडलेला असतो ना दिवसभर, घाबरतो." तिने त्याला नीट शब्दांत सांगितलं, सुहासचा असा व्हिडिओ पुन्हा काढू नकोस, आणि होता तो पुसून टाक. मग तिने आपल्या फोनवरचाही पुसला. माझ्यासमोर.

दुसऱ्या दिवशी योहानाच्या ऑफिसात तिने मला बरोबर नेलं. व्हिडिओत काय होतं आणि तो का पुसला ते योहानाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी तुम्हाला खोटं बोलायला सांगत नव्हते. ते खरंच होतं. त्या व्हिडिओने कदाचित तुमचा भाऊ इथे आला असता."

"तो नको म्हणत होता," उल्काताई म्हणाली.

"तो इथे यावा असं तुम्हाला वाटतं ना?"

"वाटतं. पण तो मोरीतून नाही येणार."

योहानाने चष्मा काढून डोळे चोळले. दोघींत चुकीचं कुणीच नव्हतं, आणि तेच फार वाईट होतं. बाहेर आल्यावर ताई सायकलचं कुलूप काढायला वाकली, तर तिला किल्ली लागेना. मी पुढे झालो तेव्हा म्हणाली, "थांब. लागेल मला." बराच वेळ लागला. लागली.

सुनावणी डेन बॉशला होती. योहाना परस्पर येणार होती. ताई आणि मी ट्रेनने निघालो. ती इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालून आली होती. वाटेत ती एकदाच बोलली. "त्यांनी विचारलं, सुहासला चहा करता येतो का, तर काय सांगू?"

"योहाना काय म्हणाली?"

"ती म्हणाली, देखरेखीवाचून येत नाही, एवढंच सांगा."

"मग तेच सांग."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर शेतं, कालवे, पावसात भिजणाऱ्या मेंढ्या.

सुनावणीची खोली अगदी साधी होती. टेबल, पाण्याचे ग्लास, आणि समोर एक पोक्त वयाचा अधिकारी. आवाज शांत. त्याने आधीचा अर्ज नीट वाचला होता. प्रश्नही नीट विचारत होता. मला एका कडेला बसू दिलं होतं. उल्काताईचं डच चांगलं होतं, तिला दुभाषा लागला नाही. आई कधी गेली, दीपक कोण, खर्च कोण करतं, सगळं झालं. मग त्याने मागची पानं उलटली.

"तुम्ही लिहिलंय की तो स्वतःसाठी चहा करतो. हे खरं आहे का?"

योहानाने पेन खाली ठेवलं. उल्काताईने पाण्याचा घोट घेतला.

"खरं आहे," ती म्हणाली. "तो चहा करतो. मी फोनवर असते. मी म्हणते, पाणी ठेव, तो ठेवतो. मी म्हणते, आता गॅस बंद, तो बंद करतो. मी गप्प बसले तर तो पातेल्यापुढे उभा राहतो. पाणी आटेपर्यंत उभा राहतो. त्याला येत नाही असं मी कधीच म्हणणार नाही. त्याला माझ्याबरोबर येतं. तुमच्याकडे अवलंबून असणं कशाला म्हणतात मला माहीत नाही. आमच्याकडे ते हे आहे."

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. योहानाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आशा होती. आणि मग त्याने, काही खवचटपणा न करता, शेवटचा प्रश्न विचारला. "मग तुम्ही भारतात जाऊन त्याच्याबरोबर का राहत नाही?"

उल्काताई म्हणाली, "इथे तो रस्त्यावरून जाताना कुणी मागे वळून बघत नाही. तिथे मी बरोबर असले तरी बघतात. मला त्याला इथल्यासारख्या ठिकाणी ठेवायचंय."

बाहेर आल्यावर योहानाने तिला मिठी मारली. सुनावणी चांगली झाली, म्हणाली, फार चांगली झाली, आता निर्णयाची वाट बघायची. परतीच्या गाडीत मी उगाच बडबडत होतो. ताई ऐकत नव्हती. नायमेखन आलं तेव्हा म्हणाली, "त्याने शेवटी बरोबर विचारलं रे."

निर्णय यायला वेळ लागत होता. योहाना दर वेळी म्हणायची, अजून थोडे आठवडे. त्या दिवसांत उल्काताई बारीक झाली. ऑफिसातून आली की आधी दारातल्या टपालावर नजर टाकायची, मग बूट काढायची. फोनवर सुहास रोज विचारायचा, "साहेब हो म्हणाला?" ती म्हणायची, "अजून नाही." "नाही म्हणाला?" "अजून नाही." हो का नाही हे तिनेच त्याला शिकवलं होतं. या तिसऱ्या उत्तराचं काय करायचं ते त्याला कळत नसे.

एका शनिवारी दुपारी तिने वरती येऊन माझं दार ठोठावलं. आत आली नाही. "सुहास घरात नाहीये," म्हणाली.

दीपकचा फोन आला होता. शेजारच्या बाईंनी सुहासची हाक ऐकून कडी काढली होती. त्याने पाणी मागितलं होतं. त्या पाणी आणायला आपल्या घरात वळल्या आणि तेवढ्यात तो गेला. बूट घालून, पाठीवर पिशवी घेऊन, फोन मात्र घरीच विसरून. दीपक आणि शुभांगी दोन दिशांना शोधत होते. पोलिसांत सांगितलं होतं. तिकडे अंधारायला आलं होतं.

आम्ही तिच्या स्वयंपाकघरात बसलो. खरं म्हणजे मी बसलो. ती ओट्याला टेकून उभी होती, फोन दोन्ही हातांत धरून. मी म्हणालो, दीपकला पुन्हा विचारूया का. ती म्हणाली, "नको. लाईन मोकळी राहू दे. त्याला एकच नंबर पाठ आहे. माझा." इथला नंबर, देशाच्या आकड्यासकट. वर्षभर गाण्यासारखा घोकून घेतला होता तिने. पलीकडच्या घरात कुणी तरी पियानोचा सराव करत होतं, तेच तेच चार सूर. ती एकदा पुटपुटली, "ट्रक असतात तिकडे." दुसऱ्यांदा म्हणाली, "आईला मी काय सांगू?" आई नव्हत्या हे क्षणभर तिच्याही लक्षात नव्हतं, माझ्याही.

फोन वाजला तेव्हा तिच्याकडून तो पडायचाच बाकी होता. अनोळखी नंबर, भारतातला. तिने स्पीकर लावला.

"हॅलो, उल्काताई का? मी अंबरनाथच्या रिक्षास्टँडवरनं बोलतोय. हे तुमचे भाऊ आहेत का, सुहास? बरे आहेत, घाबरू नका. बसवलंय त्यांना. हा नंबर सांगत होते सारखा, आम्हाला वाटलं आकडे चुकतायत. इतके आकडे कुठे असतात! शेवटी मेडिकलवाल्याने लावून दिला."

मागून सुहासचा आवाज आला. "ताई!"

"सुहास," ती म्हणाली. आवाज कसा तरी सरळ ठेवला होता तिने. "लागलंय का कुठे?"

"नाही. पाय दुखतात."

"कुठे निघाला होतास?"

"विमानतळावर. हे नेत नाहीत."

"विमानतळावर कशाला?"

"तुला आणायला. तू मला आणत नाहीस ना. तुझा साहेब हो म्हणत नाही. मला साहेब नाहीये. म्हणून मी आणतो."

दीपक पोचेपर्यंत ती फोनवर राहिली. मग तिने फोन ठेवला आणि बेसिनमधली भांडी घासायला घेतली. एक पातेलं घासून झालं, पुन्हा तेच घासलं. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "अनिकेत, तो चालत निघाला. मी अर्ज करतेय."

सोमवारी तिने राजीनामा दिला.

योहाना स्वतः नायमेखनला आली. मी तिला एवढं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "थोडे आठवडे थांबा! कदाचित हो येईल. मला वाटतं, येईलच. आत्ता गेलात तर सगळं संपलं, मला हरकत मागे घ्यावी लागेल." उल्काताईने तिच्यासाठी उपमा केला होता. ती म्हणाली, "आणि नाही आलं तर मग कोर्ट. मग आणखी महिने. तेवढे दिवस तो कडीच्या आत. तुम्ही खूप केलंत. त्यांचं उत्तर काय आलं असतं ते मला आता नको. माझं मी ठरवलंय." योहाना उपमा खाताना रडली. आधी रागाने आणि मग तशीच. ते उत्तर काय आलं असतं हे आम्हाला कुणालाच कधी कळलं नाही.

घर रिकामं करताना तिने मला काही दिलं नाही. मागितलंही नाही. स्टेशनवर पोचवायला मात्र येऊ दिलं. गाडी आली तेव्हा मला काहीच सुचेना, म्हणून म्हणालो, "ताई, चुकतेयस असं वाटतं का कधी?"

"वाटतं," ती म्हणाली. "मग? चूक असली तरी जायचंच आहे." दोन्ही बॅगा तिने स्वतः चढवल्या.

याला आता काही वर्षं झाली. मी इथल्याच हूफडॉर्पला राहायला आलो, लग्न झालं, मुलगी झाली. उल्काताई अंबरनाथच्या त्याच दोन खोल्यांत सुहासबरोबर राहते. ऐरोलीला नोकरी मिळाली, पूर्वीच्या मानाने अगदीच साधी. तिच्या हाताखाली असायला हवेत ते लोक तिच्यावर साहेब आहेत. त्याबद्दल ती एका वाक्यात बोलते आणि विषय संपवते: "काम आहे, करते." सुहासकडे रस्त्यात लोक वळून बघतात. ती त्यांच्याकडे थेट बघते, ते नजर काढून घेईपर्यंत.

मला वाटलं होतं गोष्ट इथे निवांत झाली. गेल्या महिन्यात एका रविवारी, माझी जेवणाची वेळ व्हायची होती, तिचा फोन आला. व्हिडिओ लावला तर ती कुठल्याशा बागेत बाकावर बसलेली.

"कुठे आहेस?"

"ठाण्याला. तलावपाळीशी. सकाळपासून."

"आणि सुहास?"

"घरी. एकटा." तिने घाम पुसला. केस बरेच पांढरे झाले होते. "दर रविवारी बाहेर पडते. आधी तासभर जायची, मग दोन तास. आज दिवसभर. माझ्यानंतर त्याला राहायचंय ना? मी फोनवर नसताना त्याला काय येतं ते मलाच माहीत नाही. आजवर कधी तपासलंच नव्हतं."

"मग माझ्याशी बोल थोडा वेळ."

"तेच करतेय. तुला फोन केलाय तो त्याला करायचा नाही म्हणून."

मी बोलत राहिलो. मुलीचं सांगितलं, ती मराठीत विचारलं की डचमध्ये उत्तर देते ते सांगितलं, ऑफिसचं, पावसाचं. ती हूं हूं करत होती आणि तिचे डोळे सारखे फोनच्या वरच्या कडेला जात होते. मध्येच ती दचकली.

"त्याचा फोन येतोय."

"उचलू का?" तिने विचारलं. डेन बॉशच्या गाडीतल्या त्या एका प्रश्नानंतर तिने मला कधीच असं काही विचारलं नव्हतं. पण ती उत्तराची वाट बघत नव्हती. ती फोनकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून, बाकाची कड एका हाताने धरून. मागे तळ्याकाठी मुलं ओरडत होती. मग तिचा खांदा हळूच खाली आला. वाजायचं थांबलं होतं.

थोड्या वेळाने टिंग असा आवाज झाला. तिने निरोप उघडला आणि मला ऐकू यावा म्हणून तसाच लावला. सुहासचा जड, सावकाश आवाज.

"ताई, मी जेवलो. भात केला. गॅस बंद केला. तू जेवलीस का? जेव."

तिने तो पुन्हा लावला. मग पुन्हा. मग फोन तसाच हातात धरून मला म्हणाली, "ठेवते रे, भूक लागलीय," आणि उठून चालायला लागली.